तिसऱ्याची मतं

झरी जामणी तालुक्यातल्या माणसाला आपला पत्ता सांगताना दोन जिल्हे सांगावे लागतात. सातबारा यवतमाळ जिल्ह्याचा, रेशनकार्ड यवतमाळचं, कलेक्टर यवतमाळचा. खासदार मात्र चंद्रपूरचा. विधानसभेसाठी झरी, मारेगाव आणि वणी हे तीन तालुके मिळून वणी मतदारसंघ होतो आणि तो वणी चंद्रपूर लोकसभेला जोडलेला आहे. दक्षिणेला पैनगंगा, नदीपलीकडे तेलंगण. शेजारचा केळापूर तालुका आर्णी विधानसभेत जातो आणि आर्णी अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. झरीत पोडापोडांवर, म्हणजे छोट्या वस्त्यांवर, कोलाम, गावागावांत गोंड आणि परधान, पण झरीचं मत पडतं खुल्या मतदारसंघात.

या रचनेचा एक परिणाम इथल्या राजकारणावर कायमचा बसला आहे. एकट्या झरीच्या जोरावर वणीचा आमदार कुणी होऊ शकत नाही. मतांचा मोठा गठ्ठा वणी शहर आणि तालुक्यात आहे. कोळसा, बाजारपेठ, पक्षांच्या बैठका सगळं तिकडेच. पण मुकुटबन, पाटण, शिबला, माथार्जुन, अडेगाव या पट्ट्यात कुणी चार-पाच हजार मतं बांधून ठेवली, तर वणीत बसून केलेली गणितं बिघडतात. म्हणून इथे उमेदवाराबद्दल दोन वेगळे प्रश्न विचारले जातात. निवडून येईल का, हा पहिला. दुसरा जरा हळू आवाजात: कोनाले पाडाले उभा हाय?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकाजवळ तयार असतं. तेच तपासून पाहायचं होतं.

सुरुवात ताज्या आकड्यांपासून. २० नोव्हेंबर २०२४ ला, ऐन कापूस वेचणीत, मतदान झालं. तीन दिवसांनी निकाल लागला. शिवसेनेच्या ठाकरे गटाचे संजय देरकर ९४,६१८ मतं घेऊन जिंकले, भाजपचे दोन वेळचे आमदार संजीवरेड्डी बोदकुरवार ७९,०५८ वर थांबले. अंतर १५,५६० मतांचं. मनसेचे राजू उंबरकर या दोघांच्या मागे, पण वीस हजारांवर मतं घेऊन. आता हे गणित चौथीतलं पोरगंही सोडवील. उंबरकरांची मतं बोदकुरवारांच्या मतांत मिळवा, देरकर पडतात. शिवाय त्याच वर्षी लोकसभेला राज ठाकरे यांनी मोदींना बिनशर्त पाठिंबा दिला होता. तेव्हा मनसेने भाजपला पाडलं, असा निष्कर्ष निकालाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत चहाच्या टपऱ्यांवर पक्का होतो, आणि एकदा पक्का झाला की पाच वर्षं हलत नाही.

मात्र मागचे दोन निकाल शेजारी ठेवले की हा निष्कर्ष डळमळतो. २०१४ मध्ये युती तुटली होती, आघाडीही तुटली होती. भाजप, शिवसेना, काँग्रेस, राष्ट्रवादी आणि मनसे असे पाचही जण सुटे सुटे उतरले. बोदकुरवार ४५,१७८ मतांवर आमदार झाले. शिवसेनेचे विश्वास नांदेकर ३९,५७२ मतं घेऊन ५,६०६ मतांनी मागे राहिले. २०१९ ला बोदकुरवारांना ६७,७१० मतं पडली आणि काँग्रेसचे वामनराव कासावार यांना ३९,९१५. अंतर २७,७९५ वर गेलं. विरोधातली मतं कासावार, मनसे, वंचित आणि अपक्ष यांच्यात वाटली गेली होती. २०२४ ला त्याच बोदकुरवारांनी आदल्या खेपेपेक्षा ११,३४८ मतं जास्त घेतली आणि ते पडले.

पंचेचाळीस हजारांवर जिंकलेला माणूस एकोणऐंशी हजारांवर हरतो. तो नावडता झाला म्हणावं, तर मतं वाढलेली आहेत. आणि उंबरकर? ते २०१४ ला होते, २०१९ ला होते, २०२४ ला होते. तोच पक्ष, तोच माणूस, तोच मतदारसंघ. दोन वेळा त्यांच्या असण्याने भाजपला फायदा झाला असं म्हणायचं आणि तिसऱ्या वेळी तोटा झाला असं म्हणायचं, तर मग उंबरकरांच्या मतदाराला स्वतःचं काही मन आहे की नाही? बदललं ते दुसरंच. २०१४ आणि २०१९ ला फूट विरोधकांत होती. २०२४ ला महाविकास आघाडी म्हणून देरकरांच्या मागे बरीच मतं एकत्र आली आणि काँग्रेसमधली नाराजी अपक्षाच्या रूपाने उभी राहूनही ती फारशी सुटली नाहीत. तिसऱ्यावर खापर फोडणं सोपं असतं, कारण तो हरलेला असतो आणि उत्तर द्यायला त्याच्याकडे माईक नसतो.

हीच बेरीज-वजाबाकी झरीने लोकसभेला याहून मोठ्या आकड्यांत पाहिली आहे. चंद्रपूर लोकसभेत वामनराव चटप हे नाव टाळून तिसऱ्या उमेदवाराची गोष्ट सांगताच येत नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेतून आलेले, राजुऱ्याचे तीन वेळचे आमदार, वेगळ्या विदर्भाचे आग्रही. २००९ ला ते लोकसभेला उभे राहिले. भाजपचे हंसराज अहीर ३,०१,४६७, काँग्रेसचे नरेश पुगलिया २,६८,९७२, आणि चटप १,६९,११२. अहीर ३२,४९५ मतांनी जिंकले. काँग्रेसवाल्यांची तक्रार ठरलेली होती: चटपांनी पुगलियांना घरी बसवलं. कापसाच्या भावावर चिडलेल्या शेतकऱ्याने चटपांना मत दिलं, चटप नसते तर तो काँग्रेसकडे आला असता, असं यामागचं गृहीत. पण तेव्हा दिल्लीत आणि मुंबईत सत्ता काँग्रेस आघाडीची होती. भावावर चिडलेला शेतकरी सरकारी पक्षाला मत द्यायला गेला असता, हे मानायला बरंच धाडस लागतं.

पाच वर्षांनी चटप पुन्हा उभे राहिले, या वेळी आम आदमी पक्षाकडून. २,०४,४१३ मतं पडली. मुंबईत मेधा पाटकरांसारखी माणसं लढत असूनही महाराष्ट्रात त्या पक्षाच्या कुठल्याच उमेदवाराला इतकी मतं मिळाली नाहीत. अहीर ५,०८,०४९, काँग्रेसचे संजय देवतळे २,७१,७८०. फरक २,३६,२६९. म्हणजे चटपांचं प्रत्येक मत उचलून देवतळेंच्या पारड्यात टाकलं तरी अहीर बत्तीस हजारांनी जिंकतात. या निकालाबद्दल चटपांना दोष द्यायला कुणी गेलं नाही. चटपांची मतं आधीपेक्षा पस्तीस हजारांनी जास्त होती, पण निकाल पलटवण्याइतकी नव्हती. मग ती कुणाची होती हा प्रश्नही कुणाला पडला नाही.

२०१९ ची गंमत तर वेगळीच. त्या लोकसभेत वंचित बहुजन आघाडीने काँग्रेस-राष्ट्रवादीला राज्यभर घाम फोडला. नांदेडला अशोक चव्हाण चाळीस हजारांवर मतांनी पडले, तिथे वंचितच्या यशपाल भिंगेंना १,६६,१९६ मतं होती. गडचिरोली-चिमूर, परभणी, बुलढाणा, हातकणंगले, सगळीकडे वंचितची मतं विजयी फरकापेक्षा जास्त. राज्यातल्या अठ्ठेचाळीस जागांपैकी काँग्रेसला एकच मिळाली आणि ती होती चंद्रपूर. तिथे वंचितचे राजेंद्र महाडोळे होते का? होते. १,१२,०७९ मतं घेऊन होते. तरीही बाळू धानोरकर ५,५९,५०७ वर गेले आणि केंद्रात मंत्री असलेले अहीर ५,१४,७४४ वर अडले. काँग्रेसने आधी विनायक बांगडे यांना उमेदवारी जाहीर केली होती. कार्यकर्त्यांचा गलका झाल्यावर ती बदलली आणि शिवसेनेचे आमदार असलेल्या धानोरकरांना पक्षात घेऊन तिकीट दिलं. जिथे उमेदवार नीट निवडला, तिथे लाखभर मतं तिसऱ्याकडे जाऊनही जागा आली. नांदेडच्या पराभवाचं खापर वंचितवर फोडताना चंद्रपूरचा निकाल मध्ये येतो, म्हणून बहुधा तो कुणी काढत नाही.

तरी तिसऱ्याने काहीच फरक पडत नाही असंही म्हणता येत नाही. ते पाहायला पैनगंगा ओलांडून कोरपन्याकडे जावं लागतं. राजुरा, कोरपना, जिवती, गोंडपिपरी हा राजुरा मतदारसंघ. इथली जमीन, कापूस, सिमेंटची धूळ, गोंड-कोलाम वस्त्या झरीच्याच जातकुळीच्या. आणि निवडणुका? २०१४ ला भाजपचे संजय धोटे काँग्रेसच्या सुभाष धोटेंपेक्षा २,२७८ मतांनी पुढे. २०१९ ला सुभाष धोटे २,५०१ मतांनी विजयी. २०२४ ला भाजपचे देवराव भोंगळे ३,०५४ मतांनी. सलग तीन निवडणुका तीन हजारांच्या आसपास सुटल्या आणि तिन्ही वेळा बसलेला आमदार उठला.

यातली २०१९ ची निवडणूक एखाद्या राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाने वर्गात फळ्यावर मांडावी अशी आहे. सुभाष धोटे ६०,२२८. चटप ५७,७२७. तेव्हाचे आमदार संजय धोटे ५१,०५१. गोंडवाना गणतंत्र पार्टीचे गोदरू पाटील जुमनाके ४३,३०६. चौघांची बेरीज २,१२,३१२ आणि त्यात विजेत्याचा वाटा अठ्ठावीस टक्के. आता यात ‘तिसरा’ कोण? भाजप तिसऱ्या क्रमांकावर आहे, म्हणून भाजपने चटपांची मतं खाल्ली म्हणायचं? की जुमनाकेंनी काँग्रेसची? १९९१ मध्ये मध्य प्रदेशात हिरासिंह मरकाम यांनी स्थापलेला हा पक्ष महाराष्ट्रातल्या सत्तेच्या कुठल्याच बेरजेत धरला जात नाही. पण राजुरा मतदारसंघात त्याच्या मागे त्रेचाळीस हजार माणसं उभी राहिली. त्यांना काँग्रेसकडून ‘फुटलेली’ मतं म्हणणं म्हणजे ती आधी काँग्रेसच्या नावावर फेरफार करून चढवलेली होती असं मानणं. २०२४ ला चटपांना ५५,०९० मतं पडली आणि ते तिसऱ्यावर गेले. पाच वर्षांत त्यांची मतं फक्त २,६३७ ने घटली. पण समोरचे दोघे सत्तर हजारांच्या घरात पोचले. कडेची मतं आटून दोन मोठ्या पक्षांकडे सरकली, चटपांची जागची हलली नाहीत. मला तरी यावरून एवढंच दिसतं की, काही मतदार तिसऱ्याचे नसतातच. ते त्या माणसाचे असतात, आणि तो उभा नसेल तर त्यातले कित्येक त्या दिवशी कापूस वेचायला जातील.

निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मतदानकेंद्रवार निकालाचा तक्ता मिळतो, नमुना २०. आडवे रकाने उमेदवारांचे, उभे क्रमांक केंद्रांचे, शेवटी नोटा आणि एकूण. सरकारी कागदात असावा तेवढा रुक्ष. पण तालुक्यातले मुरलेले कार्यकर्ते हा तक्ता पंचांगासारखा वाचतात. कुठल्या केंद्रावर कुणाला शंभर पडली, कुठे पाच. कुठल्या पोडावर संपूर्ण मत एका बाजूला गेलं. कुठे नोटाने एखाद्या पक्षाला मागे टाकलं. तिसऱ्या उमेदवाराची खरी ओळख इथे होते. एकाची मतं सगळ्या केंद्रांवर पाच-दहा-पंधरा अशी शिंपडलेली असतात. ती बहुधा चिन्हाची चूक, नावातला सारखेपणा, नाहीतर निव्वळ वैताग. दुसऱ्याची मतं वीस-पंचवीस केंद्रांवर साचलेली असतात. तिथे त्याचं गाव आहे, त्याची माणसं आहेत, त्याने पाच वर्षं कुणाच्या तरी दवाखान्यात, तहसिलीत, पोलीस ठाण्यात हजेरी लावलेली आहे. पहिल्याला बसवायला पैसे पुरतात. दुसऱ्याला बसवणं अवघड असतं.

बसवण्याचा बाजार अर्ज माघारीच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत भरतो. विधानसभेला अनामत रक्कम दहा हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला पाच हजार. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. वैध मतांच्या एक षष्ठांश मतं मिळाली नाहीत तर अनामत जप्त. वणीत दोन लाखांवर मतं पडतात, तेव्हा अनामत वाचवायला तेहतीस हजारांवर मतं हवीत. उंबरकरांसारख्या ओळखीच्या माणसालाही ती मिळत नाहीत, मग बाकीच्यांचं काय सांगावं? तरी लोक उभे राहतात. दहा हजारांत दोनेक आठवडे नाव गाजतं, मतदान यंत्रावर फोटो येतो. काहींना दुसऱ्याच कुणीतरी उभं केलेलं असतं, कारण प्रत्येक उमेदवाराला केंद्रावर आपला प्रतिनिधी बसवता येतो, वाहनांचे परवाने मिळतात, चाळीस लाखांची खर्चमर्यादा वेगळी मिळते. एकाच्या गाडीत दुसऱ्याची माणसं, हे कुठल्याही तालुक्याला नवं नाही.

नावातल्या सारखेपणाचा धंदा याहून उघड. २०१४ च्या लोकसभेला रायगडात अनंत गीते २,११० मतांनी जिंकले. हरले सुनील तटकरे. आणि त्याच यादीत आणखी एक अपक्ष सुनील तटकरे होते, ९,८४९ मतं घेऊन. पुढच्या वर्षी आयोगाने मतपत्रिकेवर फोटो छापायला सुरुवात केली, तेव्हा मार्ग बदलला, नावाऐवजी चिन्ह आलं. २०२४ च्या लोकसभेला शरद पवारांच्या पक्षाला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे चिन्ह होतं आणि अपक्षांच्या यादीत नुसती तुतारी. दिंडोरीत भास्कर भगरे सर १,१३,१९९ मतांनी निवडून आले. त्यांच्याच यादीत तुतारीवाले बाबू भगरे १,०३,६३२ मतं घेऊन गेले. भास्कर भगरेंचं नशीब म्हणून निभावलं. साताऱ्यात पवारांच्या उमेदवाराविरुद्ध उदयनराजे ३२,७७१ मतांनी जिंकले आणि तुतारीवाल्या अपक्षाला ३७,०६२ मतं पडली. मतं खाणं हा शब्दप्रयोग वापरायचाच असेल तर तो इथे वापरावा. कारण यातल्या बहुतेक मतदारांना आपलं मत कुठे गेलं हे घरी आल्यावरही कळलं नसेल. चटप किंवा जुमनाके यांच्या मतदाराला या पंगतीत बसवणं हा त्याचा अपमान आहे.

काही माणसं निकालासाठी उभीच राहत नाहीत. यवतमाळला जानेवारी २०१९ मध्ये साहित्य संमेलन झालं. नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतल्यावर उद्‌घाटन कुणी करायचं यावर आयोजकांची पंचाईत झाली आणि ते केलं आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नी वैशाली येडे यांनी. तीन महिन्यांनी त्याच वैशाली येडे यवतमाळ-वाशीम लोकसभेला प्रहार पक्षाकडून उभ्या राहिल्या. मतं वीस हजारांच्या आसपास; भावना गवळी लाखाच्या वर फरकाने जिंकल्या. त्यांनी कुणाचं काही बिघडवलं नाही. पण त्या उन्हाळ्यात जिल्ह्यातल्या इतर उमेदवारांना विधवा शेतकरी महिलांवर एक-दोन वाक्यं तरी बोलावी लागली. त्याच वेळी तेलंगणात निजामाबादला हळदीच्या शेतकऱ्यांनी याहून इरसाल वाट काढली. भाव मिळत नाही, हळद मंडळ मिळत नाही, म्हणून पावणेदोनशेवर शेतकऱ्यांनी अर्ज भरले. एकूण १८५ उमेदवार. एका यंत्रावर सोळा बटणं, म्हणून प्रत्येक केंद्रावर बारा यंत्रं मांडावी लागली. मुख्यमंत्र्यांच्या कन्या के. कविता ७०,८७५ मतांनी पडल्या. शेतकऱ्यांनीच त्यांना पाडलं असं अंकगणिताने सिद्ध करणं कठीण. पण हळदीचा प्रश्न देशभर गेला, हे मात्र कुणी नाकारत नाही.

अमेरिकेत हा वाद आपल्यापेक्षा जुना आहे आणि जास्त रडवेला. २००० साली फ्लोरिडात बुश ५३७ मतांनी पुढे राहिले आणि त्यांना अध्यक्षपद मिळालं. त्या राज्यात राल्फ नेडर यांना ९७,४८८ मतं होती. डेमोक्रॅट मंडळी अजून नेडरचं नाव निघालं की तोंड कडू करतात. जॉर्जिया राज्याने यावर एक तोडगा ठेवला आहे: पन्नास टक्क्यांच्या वर कुणी गेला नाही तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान. नोव्हेंबर २०२० च्या सिनेट निवडणुकीत रिपब्लिकन डेव्हिड पर्ड्यू ४९.७ टक्क्यांवर अडकले. लिबर्टेरियन पक्षाच्या उमेदवाराने दोन टक्क्यांच्या वर घेतले होते. आपल्याकडची पद्धत असती तर पर्ड्यू त्याच रात्री सिनेटर. ५ जानेवारी २०२१ ला फेरमतदान झालं, डेमोक्रॅट जॉन ऑसॉफ जिंकले आणि सिनेट पन्नास-पन्नास झाली. तिसऱ्याने घेतलेल्या दोन टक्क्यांनी एका महासत्तेच्या वरिष्ठ सभागृहाचं पारडं फिरवलं. पण मतदाराला दुसरी संधी देऊन. मेन राज्यात तर मतदार पसंतीक्रमच लावतो आणि मागे राहिलेल्याची मतं पुढच्या पसंतीकडे जातात.

हे वाचून परदेशी डोकेबाजपणा वाटेल, पण झरीतल्या शाळामास्तरांना ही पद्धत पाठ आहे. विधान परिषदेच्या अमरावती शिक्षक मतदारसंघात यवतमाळ जिल्हा येतो. तिथे मतदान यंत्र नाही. कागदी मतपत्रिका, केंद्रावर मिळणारा जांभळ्या शाईचा स्केचपेन, आणि नावासमोर १, २, ३ असे आकडे. स्वतःचा पेन वापरला तर मत बाद; पहिली पसंती एकापेक्षा जास्त जणांना दिली तरी बाद. डिसेंबर २०२० ला या मतदारसंघात दोन डझनांवर उमेदवार होते. पहिल्या पसंतीत कोटा कुणालाच गाठता आला नाही. मग शेवटच्याला बाद करा, त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती वाटा, पुन्हा शेवटच्याला बाद करा, असं चालत चालत अपक्ष किरण सरनाईक जिंकले. २०२३ ला पदवीधर मतदारसंघातही मोजणी दीड दिवस चालली आणि काँग्रेसचे धीरज लिंगाडे निवडून आले. या निवडणुकीत तिसऱ्याला मत दिलं म्हणून मास्तरला कुणी फुकट घालवलंस म्हणत नाही. त्याने दुसरी पसंतीही दिलेली असते. तोच मास्तर विधानसभेला निळं बटण दाबतो, तेव्हा त्याला एकच संधी. आवडत्याला द्यावं की नावडत्याला पाडावं, हा हिशोब त्याने रांगेत उभं राहूनच उरकायचा.

विधानसभेला ही पद्धत आणणं सोपं नाही, हे मान्य. दोन-सव्वादोन लाख कागद आणि एवढ्या बाद फेऱ्या म्हणजे मोजणीचा आठवडा. फेरमतदान करायचं तर पोडावरच्या माणसाला वेचणी सोडून पुन्हा एकदा केंद्रावर चालत आणायचं. पण कमीत कमी सध्याच्या पद्धतीत निघालेल्या निकालावरून तिसऱ्याच्या मतदाराचं मन ओळखल्याचा आव तरी आणू नये.

शिवाय या भागात तिसऱ्याचं पुढे काय होतं, तेही पाहण्यासारखं आहे. चंद्रपूर विधानसभेत किशोर जोरगेवार २०१४ ला शिवसेनेकडून हरले. २०१९ ला पक्षाने तिकीट दिलं नाही, म्हणून अपक्ष लढले आणि १,१७,५७० मतं घेऊन भाजपच्या नाना शामकुळेंना ७२,६६१ मतांनी हरवून आमदार झाले. २०२४ ला भाजपने त्यांनाच उमेदवारी दिली. आर्णीत भाजपने २०१९ ला आपल्याच आमदाराचं, राजू तोडसाम यांचं, तिकीट कापून संदीप धुर्वेंना दिलं. तोडसाम अपक्ष उभे राहिले आणि २६,९४९ मतं घेतली. धुर्वे ८१,५९९, काँग्रेसचे शिवाजीराव मोघे ७८,४४६. घरातला माणूस फुटूनही भाजप ३,१५३ मतांनी तरला. मग २०२४ ला धुर्वेंना बाजूला सारून भाजपने तिकीट कुणाला दिलं? तोडसामांना. ते आमदार झाले. आणि वणीत २०१९ ला अपक्ष लढून मागे पडलेले संजय देरकर पाच वर्षांनी मशाल चिन्हावर आमदार झाले.

झरीला लागून असलेल्या आर्णीचा आणि खुद्द झरीचा, असे आजचे दोन्ही आमदार आदल्या निवडणुकीत ‘मतं खाणारे’ होते. २०२४ ला राज्यात ४,१३६ उमेदवारांपैकी २,०८६ अपक्ष होते. निवडून आले दोन. १९९५ चे पंचेचाळीस अपक्ष आणि त्यांच्या टेकूवर आलेलं युतीचं सरकार हा आता इतिहास झाला. अपक्ष म्हणून थेट विधानसभा गाठणं आता जवळपास संपलं आहे. पण पक्षाला आपली किंमत दाखवायला अपक्ष उभं राहणं संपलेलं नाही, उलट तीच आता वहिवाट आहे. जानेवारी २०२२ मध्ये झरीच्या नगरपंचायतीत सतरा जागांवर कुणालाच बहुमत मिळालं नाही आणि जंगोम दल या स्थानिक गटाचे नगरसेवक मोठ्या पक्षांच्या बरोबरीने आत बसले. गावपातळीवर तर तिसऱ्याशिवाय सत्ताच बसत नाही.

म्हणून पुढच्या तिकिटवाटपाच्या वेळी वणीतून मुंबईला जाणाऱ्या इच्छुकांच्या फायलीत आणखी एक कागद असतो. वाढदिवसाच्या बॅनरचे फोटो, रक्तदान शिबिरांची कात्रणं यांच्या खाली नमुना २० ची झेरॉक्स, आणि तिच्यावर आपल्या नावाचा रकाना मार्करने पिवळा केलेला. निवडून न आल्याचा तो पुरावा असतो, पण पक्षाच्या कार्यालयात तो आधी मागितला जातो.